न फाटणारं तिकीट

नाट्यगृहाच्या दारात उभा असलेला डोअरकीपर तिकिटाकडे बघतो कमी आणि ते फाडतो जास्त. अर्धा तुकडा प्रेक्षकाच्या हाती, अर्धा आपल्याजवळ. मग बॅटरीच्या उजेडात रांग दाखवून तो पुढच्या माणसाकडे वळतो. या फाडण्यात किती कामं एकदम उरकतात, याचा विचार आपण सहसा करत नाही. तिकीट हातात आलं की त्याचा रंग, शिक्का, तारीख नजरेखालून जाते. फाडलं की ते दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचं राहत नाही. आणि खेळ संपल्यावर जमलेले तुकडे मोजून गल्ल्याशी ताळा घालता येतो. वीज गेली तरी यातलं काही अडत नाही.

मराठी रंगभूमीला तिकिटाची गरज जन्मापासून नव्हती. विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केलं ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. अशा ठिकाणी कोण आलं, कुणाकडचं आलं आणि त्याने कुठे बसायचं, हे दारावरच्या माणसाला ठाऊकच असणार. 1851 मध्ये चिंतामणराव गेले, आश्रय सुटला, नाटकमंडळी बाहेर पडली आणि 1853 मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून खेळ झाले. अनोळखी माणसांना पैसे घेऊन आत सोडायचं ठरलं की दारापुढे दोन प्रश्न उभे राहतात. आले किती? आणि आलेला माणूस तोच का, ज्याला आपण जागा दिली होती? कागदी तिकिटाने पहिला प्रश्न चोख सोडवला आणि दुसरा चक्क बाजूला ठेवला. ज्याच्या हातात कागद, खुर्ची त्याची. कागद एकच असल्यामुळे दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावाचून कुणाचं बिघडलं नाही.

आता त्याच दारावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन आला आहे. रिसेप्शन, वाहनांचं प्रदर्शन, मॅरेथॉनच्या आदल्या दिवशीचं बिब-वाटप, कंपनीचा मेळावा, संगीत महोत्सव, कुठेही जा, मोबाइल पुढे करायचा आणि ‘टुक’ आवाज आला की आत. कार्यक्रम उभे करणाऱ्यांना दर हंगामात काहीतरी नवं दाखवलं जातं: मनगटाचे पट्टे, चेहरा ओळखणारे कॅमेरे, क्षणाक्षणाला बदलणारी तिकिटं. यातलं काय घ्यावं, हे ठरवायचं तर विक्रेत्याच्या माहितीपत्रकापेक्षा या चौकोनाची वंशावळ जास्त कामाला येते. त्याचे गुण आणि त्याचं व्यंग दोन्ही घराण्यातून आलेले आहेत.

घराणं सुरू होतं किराणा दुकानात. 1948 मध्ये फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल इन्स्टिट्यूटमध्ये एका दुकानसाखळीचे अध्यक्ष डीनना गळ घालत होते की, गल्ल्यावर मालाची नोंद आपोआप होईल असं काहीतरी शोधून द्या. डीननी ते मनावर घेतलं नाही. बर्नार्ड सिल्व्हर या तरुणाच्या कानावर मात्र ते संभाषण पडलं आणि त्याने ते आपला मित्र नॉर्मन जोसेफ वुडलँडला सांगितलं. वुडलँडला त्या कल्पनेने असं झपाटलं की त्याने ड्रेक्सेल सोडलं आणि तो मायामी बीचला आजोबांच्या घरी जाऊन राहिला. बालवीर असताना तो मोर्सची लिपी शिकला होता. 1949 च्या जानेवारीत वाळूत बसल्या बसल्या त्याने तिचे ठिपके आणि रेघा बोटांनी खाली ओढले. ठिपक्याची झाली बारीक रेघ, रेघेची झाली जाड पट्टी. बारकोड तिथे जन्माला आला.

पेटंट मिळालं 7 ऑक्टोबर 1952 रोजी. त्यात सरळ रेघांबरोबर वर्तुळांचाही नमुना होता: एकात एक कडी, नेमबाजीच्या फळीसारखी. वर्तुळ कुठल्याही बाजूने वाचलं तरी सारखंच. पण वाचायचं कशाने? त्यांच्या पहिल्या यंत्रात 500 वॉटचा दिवा होता आणि त्याच्या उष्णतेने कागदातून धूर निघू लागे. लेसर आणि स्वस्त संगणक यायला आणखी दोन दशकं जायची होती. सिल्व्हर 1963 मध्ये वारला. आपली कल्पना दुकानात चाललेली त्याला पाहायला मिळाली नाही.

या कथेत कार्यक्रमवाल्यांच्या खास आवडीचा एक प्रसंग आहे. 1971 मध्ये किराणा व्यवसायाच्या एका परिषदेत आरसीए कंपनीने आपला वर्तुळाकार कोड मांडला. त्यांच्या स्टॉलवर येणाऱ्या प्रत्येकाला पत्र्याची एक गोल चकती मिळे, तिच्यावर तो कोड छापलेला. योग्य कोडची चकती निघाली तर बक्षीस. स्टॉलवर झुंबड उडाली. ती झुंबड आयबीएमच्या माणसांनी पाहिली आणि परत जाऊन आपलाही कोड तयार करायला घेतला. वुडलँड बरीच वर्षं त्यांच्याच कंपनीत नोकरी करत होता! म्हणजे दुकानात पहिली वस्तू विकली जाण्याआधीच कोडने प्रदर्शनात गर्दी खेचून दाखवली होती. आज प्रत्येक प्रदर्शनात ‘स्कॅन करा आणि जिंका’ असे फलक लागतात, त्यांचं मूळ त्या चकत्यांपर्यंत नेता येतं.

आयबीएममध्ये जॉर्ज लॉरर यांनी वर्तुळं सोडून उभ्या रेघा धरल्या. कारण छापखान्यातलं होतं. यंत्रातून वेगाने कागद जाताना शाई ज्या दिशेला पसरते, त्या दिशेला वर्तुळ फिसकटतं आणि वाचता येत नाही. उभ्या रेघा त्याच दिशेने छापल्या तर शाई पसरून फार तर थोड्या लांब होतात, जाडी तीच राहते. 26 जून 1974 रोजी ओहायोतल्या ट्रॉय गावच्या मार्श सुपरमार्केटमध्ये ज्युसी फ्रूट च्युइंगगमचा 67 सेंटांचा पुडा गल्ल्यावरून सरकला. उभ्या रेघांचा हा बारकोड दाखवून विकली गेलेली ती पहिली वस्तू.

त्या पुड्यावरच्या आकड्याने यंत्राला काय सांगितलं, हे लक्षात घेण्यासारखं आहे. ‘हा ज्युसी फ्रूटचा पुडा आहे’ एवढंच. अमुक एक पुडा नव्हे, त्या प्रकारचा कुठलाही. शेजारच्या पुड्यावर तोच आकडा, पुढच्या वर्षी छापल्या जाणाऱ्या पुड्यावरही तोच. दुकानदाराला पुड्यांची ओळख नको होती, मोजदाद हवी होती. रेघांचा एकच ठसा लाखो वस्तूंवर असणं हा इथे दोष नसून सगळी योजनाच त्यावर उभी होती.

पुढची पिढी जपानात, गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात वाढली. टोयोटाला भाग पुरवणाऱ्या डेन्सो कंपनीत प्रत्येक खोक्याबरोबर कानबान नावाचं कार्ड फिरे. माल वापरला गेला की कार्ड परत जायचं, त्या कार्डाच्या हिशेबाने पुढचा माल यायचा. बारकोडमध्ये जेमतेम वीसेक अक्षरं मावत, त्यामुळे एका खोक्यावर दहा-दहा बारकोड लावायची वेळ आली. कामगार दिवसाला शेकडो खोकी हाताळणार आणि प्रत्येकावर दहादा यंत्र रोखणार. वर तेलाचे हात आणि धूळ. डेन्सोतल्या मासाहिरो हारा यांनी 1992 मध्ये यावर काम सुरू केलं. दुपारच्या सुटीत ते ‘गो’ हा पटावरचा खेळ खेळत असत. काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी भरलेल्या त्या पटावर त्यांना दिसलं की माहिती आडवी आणि उभी अशा दोन्ही दिशांनी मांडता येईल.

अडचण वेगळीच निघाली. कॅमेऱ्यासमोर कागदावर बाकीचा मजकूर, चित्रं, चौकटी असतात. त्यात आपला चौकोन कुठे आहे, हे यंत्राला क्षणात कळणार कसं? हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पत्रकं, मासिकं, पुठ्ठ्याची खोकी असं हाताला लागेल ते छापील साहित्य तपासलं आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं कुठलं प्रमाण छपाईत सगळ्यात क्वचित आढळतं, ते शोधलं. उत्तर आलं 1:1:3:1:1. क्यूआर कोडच्या तीन कोपऱ्यांत जे चौकोनात चौकोन दिसतात ते हेच. त्यांच्या मध्यातून कुठल्याही कोनात रेघ ओढा, काळं, पांढरं, काळं, पांढरं, काळं याच प्रमाणात येतं. म्हणून मोबाइल उलटा धरा, तिरका धरा, कोड वाचला जातो. दारावर गडबडीत मोबाइल कसाही पुढे करणाऱ्या पाहुण्यांनी हारांचे आभार मानायला हवेत.

दुसरी देणगी गणिताची. अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सोलोमन यांनी 1960 मध्ये मांडलेल्या पद्धतीने कोडमध्ये जास्तीची माहिती अशी विणलेली असते की काही भाग खराब झाला तरी मूळ मजकूर परत जुळवता येतो. ओरखडे पडलेली सीडी वाजायची ती याच गणितावर. क्यूआरमध्ये ही सोय चार पातळ्यांवर मिळते आणि सगळ्यात वरच्या पातळीत साधारण 30 टक्के भाग गेला तरी चालतं. कोडच्या पोटात गणपती किंवा वधूवरांची आद्याक्षरं छापता येतात ती या सवलतीमुळे. कारखान्यात तेलाच्या डागासाठी ठेवलेली जागा आपण शोभेला वापरतो.

1994 मध्ये कोड जाहीर झाला. त्याच्या सुधारित रूपात 7,089 अंक मावू शकतात. डेन्सोने पेटंट घेतलं, पण ठरलेल्या नियमांनुसार वापरणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत असं ठरवलं. त्या एका निर्णयाने चौकोन कारखान्याबाहेर पडला. 2000 मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानक मिळालं, 2002 मध्ये जपानात तो वाचणारे मोबाइल आले, 2017 मध्ये आयफोनच्या कॅमेऱ्यातच ही सोय बसवली गेली आणि वेगळं अॅप उतरवून घेण्याची कटकट गेली. आपल्याकडे नोटाबंदी आणि यूपीआय यांच्या पाठोपाठ भाजीच्या हातगाडीपासून देवळाच्या दानपेटीपर्यंत तो पोचला. कोड कसा स्कॅन करायचा, हे आता आजीला शिकवावं लागत नाही.

पण या साऱ्या प्रवासात एक गोष्ट तशीच राहिली. दुकानातला कोड पुन्हा पुन्हा वाचायचा असतो. कानबानचा कोड तर फिरून फिरून वाचण्यासाठीच असतो. एकदा वाचला की संपला, ही कल्पना या घराण्यात कधी नव्हतीच. खोकं काही आपल्या कार्डाचा फोटो काढून चुलतभावाला पाठवत नाही. माणूस पाठवतो. तिकिटाचा कोड व्हॉट्सॲपवर पुढे गेला की मूळ आणि प्रत यांत यंत्राला काडीचा फरक दिसत नाही. दोन्हींमधले ठिपके तेच. क्यूआर कोड फाडता येत नाही.

मग फाडायचं काम कुठे गेलं? ते कागदावरून उठून दूरच्या यादीत गेलं. दारावरचं यंत्र कोड वाचतं, त्यातला क्रमांक संगणकाच्या यादीत शोधतं आणि तिथे त्यापुढे ‘आत गेला’ अशी खूण करतं. दुसऱ्यांदा तोच क्रमांक आला तर लाल दिवा. म्हणजे विश्वास आता त्या चौकोनावर राहिला नाही, यादीवर गेला. यादी सगळ्या दारांना एकाच क्षणी सारखी दिसली पाहिजे, ही त्याची अट. मैदानात दहा-वीस हजार मोबाइल एकत्र आले की नेटवर्कची काय दशा होते हे सगळ्यांना माहीत आहे. अशा वेळी स्कॅनर ‘ऑफलाइन’ चालवतात, म्हणजे यादीची एकेक प्रत प्रत्येक यंत्रात आधीच भरून ठेवतात. उत्तरेच्या दाराने खूण केली ती दक्षिणेच्या दाराला कळत नाही आणि एकाच कोडवर दोघं दोन दारांतून निवांत आत येतात. यावर उपाय महागडा नाही. दारांसाठी वेगळं वायफाय किंवा तारेची जोडणी घ्यायची. तेही जमत नसेल तर तिकिटांचे गट पाडून प्रत्येक गटाला एकच दार नेमून द्यायचं. नाट्यगृहांत बाल्कनीचं दार वेगळं ठेवण्याची पद्धत आहेच, तिचा हा फायदा कुणी पूर्वी मोजला नव्हता इतकंच.

वेगाचाही एक भ्रम असतो. दोन हजार माणसं एका तासात चार दारांतून आत घ्यायची, तर एका माणसामागे सात सेकंद मिळतात. कोड वाचायला सेकंदही लागत नाही. उरलेला वेळ जातो मोबाइल पर्समधून काढण्यात, गॅलरीतले सकाळचे गुड मॉर्निंग ओलांडत तिकिटाचा फोटो शोधण्यात, पडद्याचा उजेड वाढवण्यात. म्हणून अनुभवी माणसं चांगले स्कॅनर घेण्याआधी रांगेत वीस पावलं अलीकडे एक स्वयंसेवक उभा करतात. तो फक्त ‘कोड उघडून ठेवा, उजेड वाढवा’ एवढंच सांगत राहतो. या स्वयंसेवकाची जाहिरात कुठल्याच माहितीपत्रकात सापडणार नाही.

नकली तिकिटांचा प्रश्न मात्र गणिताने जवळजवळ सोडवला आणि ते आपण कोविडच्या काळात पाहिलं. कोविनच्या लसीकरण प्रमाणपत्रावरच्या कोडमध्ये माहितीबरोबर सरकारची डिजिटल सही होती. 15 ऑगस्ट 2021 पासून मुंबईत दोन मात्रा घेतलेल्यांना लोकलचा प्रवास खुला झाला तेव्हा या प्रमाणपत्रांना किती भाव आला, ते मुंबईकरांना आठवत असेल. असा कोड घरी बसून बनवता येत नाही, कारण सही जुळत नाही. तरीही प्रत काढता येतेच. खऱ्या सहीचा, खरा कोड, खोट्या माणसाच्या मोबाइलवर. म्हणून प्रमाणपत्राबरोबर ओळखपत्र पाहावंच लागे. सही सांगते की कागद खरा आहे, हातात धरणारा खरा की नाही याबद्दल ती मौन पाळते.

प्रतीचा बंदोबस्त करायला मग निरनिराळे मार्ग निघाले आणि गंमत अशी की प्रत्येक मार्ग हरवलेलं फाडणं परत आणण्याचा प्रयत्न करतो. तिकीटमास्टर या तिकीटविक्री कंपनीने 2019 मध्ये अमेरिकेत दर 15 सेकंदांनी बदलणारा कोड आणला. अॅपमध्ये एक गुप्त संख्या असते, तिच्यात घड्याळाची वेळ मिसळून नवा कोड तयार होतो. बँकेच्या टोकन यंत्रावर आकडे बदलत राहतात, तत्त्व तेच. स्क्रीनशॉट पाठवला तर तो पोचेपर्यंत शिळा. इथे तिकीट दारावर फाटत नाही, खिशातच सारखं फाटत असतं. मोठ्या मैफलींना हे ठीक आहे. ज्या कार्यक्रमाला पाचजणांच्या कुटुंबाची तिकिटं एकाच मुलाने काढलेली असतात आणि आई-वडील वेगळ्या रिक्षाने येणार असतात, तिथे हे सक्तीचं अॅप म्हणजे दारावर भांडणाला निमंत्रण.

दुसरा मार्ग मनगटावरच्या पट्ट्याचा. चिकटवायचा कागदी पट्टा काढायला गेलं की मुद्दाम पाडलेल्या खाचांवर फाटतो. काढून दुसऱ्याला देता येत नाही. मला स्वतःला सगळ्या नव्या-जुन्या साधनांत हा पट्टा सर्वांत प्रामाणिक वाटतो, त्यात फाडणं जसंच्या तसं शाबूत आहे. पुढे त्यात रेडिओची चिप आली. डिस्ने वर्ल्डने 2013 मध्ये ‘मॅजिकबँड’ आणला: प्रवेश, खोलीची किल्ली, जेवणाचे पैसे सगळं मनगटावर. चिपचा पट्टा डोळ्यासमोर धरावा लागत नाही, अंधारात चालतो, हात भरलेले असले तरी चालतो. अनेक दिवसांच्या महोत्सवात, जिथे माणसं दिवसातून पाच वेळा आत-बाहेर करतात, तिथे त्याचा खर्च वसूल होतो. एका संध्याकाळच्या समारंभाला नुसता कागदी पट्टाही पुरतो.

तिसरा मार्ग आपल्या क्रिकेट नियामक मंडळाने धरला. 2023 च्या एकदिवसीय विश्वचषकाला ई-तिकीट चालणार नाही, कागदी तिकीटच हातात घ्यावं लागेल, असं मंडळाने आधीच सांगून टाकलं. टीका झाली, ‘एवढ्या डिजिटल देशात हे काय’ असं लोक म्हणाले. पण लाखभर माणसांच्या मैदानात यादी, नेटवर्क आणि दारं यांचा मेळ बसेल याची खात्री नसेल, तर ज्याची प्रत सहज निघत नाही असा कागद वापरणं यात मला मागासपणा दिसत नाही.

इंग्लंडच्या ग्लॅस्टनबरी महोत्सवाने तर 2007 मध्येच वेगळा रस्ता घेतला होता. तिकिटासाठी आधी फोटोसह नाव नोंदवायचं आणि तिकिटावर तोच फोटो छापून यायचा. काळ्या बाजाराला आळा घालण्यासाठी त्यांनी दारापुढचा दुसरा प्रश्न, कागदाने दीडशे वर्षं बाजूला ठेवलेला, पुन्हा हातात घेतला: आलेला माणूस तोच का?

हा प्रश्न आज थेट चेहऱ्यापर्यंत पोचला आहे, पण त्याआधी कोडच्या खऱ्या बळाबद्दल बोलायला हवं, कारण दाराच्या नादात ते राहून जातं. चौकोन वारंवार वाचण्यासाठी जन्मला आहे, तर त्याला वारंवार वाचायच्या जागीच लावावा. मंगल कार्यालयाकडे जायचा नकाशा, जेवणातले पदार्थ, प्रदर्शनातल्या दालनांची मांडणी, गणेश मंडळाची वर्गणी, अभिप्रायाचा अर्ज, सोहळ्याचं थेट प्रक्षेपण. इथे एकच कोड हजारांनी वाचावा अशीच इच्छा असते आणि प्रत निघाली तर उलट बरंच. मोजणीतही तो तरबेज आहे. केटररचं बिल ताटांवर ठरतं आणि ‘ताटं किती झाली’ यावरून रात्री अकराला यजमान आणि केटरर यांच्यात जो सुसंवाद होतो, तो महाराष्ट्राला नवा नाही. जेवणाच्या कुपनांवर कोड छापून पंगतीच्या तोंडाशी वाचले तर ताटांचा आकडा दोघांच्याही मोबाइलवर एकच दिसतो. चोरून कुणी एखादं ताट जास्त जेवलं तरी हरकत नाही. इथे ओळख नकोच आहे, मोजदाद हवी आहे. तेच तर या घराण्याचं मूळचं काम.

तरीही अशा साध्या जागीही कोड फसतो आणि बहुतेक वेळा छपाईत. लग्नपत्रिकेत गर्द मरून रंगावर सोनेरी फॉइलने कोड छापायचा मोह हल्ली फार दिसतो. फॉइल चमकतं, कॅमेऱ्याला त्या जागी उजेडाचा डाग दिसतो. शिवाय गडद जमिनीवर फिका कोड म्हणजे मूळच्या उलट, काही मोबाइल तो वाचतात, काही नाही. कोडभोवती चार ठिपक्यांएवढी कोरी जागा मानकाने बंधनकारक केली आहे. वेलबुट्टीच्या हौसेत ती पहिली खाल्ली जाते. फलक लावायचा असेल तर वाचणारा जितक्या अंतरावर उभा, त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा तरी कोड हवा. दहा फुटांवरून वाचायचा तर एक फूट. आणि कोडमागचा पत्ता फुकटच्या चाचणी सेवेतून बनवला असेल तर तिची मुदत मुहूर्ताच्या पुढे जाते का, ते पत्रिका छापायच्या आधी पाहावं. पत्रिका वाटून झाल्यावर कोड मेला की हातात फक्त सुंदर नक्षी उरते. वर्गणीच्या फलकावर कुणी आपला कोड डकवून जातं, ही वेगळी कथा. तिथे रोज सकाळी स्वतः एक रुपया पाठवून पाहणं हाच उपाय.

आणि आता दारावर थेट चेहरा आला आहे. 2022 च्या डिसेंबरात दिल्ली, बेंगळुरू आणि वाराणसीच्या विमानतळांवर डिजियात्रा सुरू झाली, नंतर ती पुणे-मुंबईलाही आली. बोर्डिंग पासची सांगड चेहऱ्याशी घातली की कॅमेऱ्याकडे पाहायचं आणि फाटक उघडतं. लग्नांत ही कला मागच्या दाराने शिरली, फोटोंच्या निमित्ताने. हॉलमध्ये फलकावर कोड असतो, तो स्कॅन करून पाहुणा स्वतःची सेल्फी देतो आणि फोटोग्राफरने टिपलेल्या हजारो फोटोंतून त्याचे-त्याचे फोटो त्याच्या मोबाइलवर येतात. सोय झकास आहे. पूर्वी अल्बम घरोघरी फिरे आणि मावशीला स्वतःचा एकच फोटो मिळे, तोही डोळे मिटलेला. आता वरातीत नाचतानाचे बारा मिळतात. आयोजकांना पुढची पायरी सुचणं ओघाने आलंच: ज्या चेहऱ्याने फोटो शोधला, त्याच चेहऱ्याने दार का उघडू नये?

चेहऱ्याची प्रत पाठवता येत नाही, म्हणून दाराचा दुसरा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. पण कोड फुटला तर तो रद्द करून पाहुण्याला नवा पाठवता येतो. चेहऱ्याच्या नोंदी फुटल्या तर पाहुण्याला नवा चेहरा कुठून पाठवणार? कागद दारावर फाटायचा, यादीतला क्रमांक कार्यक्रमानंतर निरुपयोगी व्हायचा. ही नोंद मात्र कार्यक्रम संपला म्हणून आपोआप निकामी होत नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमती, ठरलेला उद्देश आणि उद्देश संपल्यावर माहिती पुसणं या गोष्टी कायद्यात आणल्या आहेत. माहिती कशासाठी आणि किती घ्यायची हे जो ठरवतो, जबाबदारी मुख्यतः त्याची. म्हणजे व्यावसायिक कार्यक्रमात आयोजकाची, नुसती फोटोग्राफरची किंवा सॉफ्टवेअरवाल्याची नव्हे. तेव्हा असं काही घेणाऱ्याने करारात चार ओळी लिहून घ्याव्यात: चेहऱ्यांच्या नोंदी कुठे राहणार, किती दिवस, कोण पाहणार, आणि कार्यक्रमानंतर कुठल्या तारखेला पुसल्याचा लेखी दाखला मिळणार. ज्याला सेल्फी द्यायची नाही त्याच्यासाठी नाव पाहून आत सोडणारं एक साधं टेबलही असू द्यावं. हे लिहून द्यायला विक्रेता कां-कूं करत असेल तर दुसरा गाठावा, नाहीतर कागदी पट्ट्यांचं एक बंडल मागवावं.